अक्का आणि नसलेली वाट

फोन आला तेव्हा मी चिकपेटेतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडत होतो. अक्काची जुनी विद्यार्थिनी कविता बोलत होती. "अण्णा, स्वल्प लवकर या," एवढंच तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. मी रुग्णालयात पोचलो तोवर अक्का गेली होती. त्याला आता दोन महिने होतील...

सुमतीअक्का, माझी थोरली बहीण, जिवाणूंवर संशोधन करायची. आपल्या रक्ताला लाली देणारं हीम जिवाणूही पेशीत तयार करतात. त्यांच्या श्वसनाला लागणारी काही सायटोक्रोम प्रथिनं मात्र पेशीच्या आतल्या पडद्यापलीकडे जुळतात. हीम मोकळं सुटलं तर पेशीलाच बाधतं, म्हणून ठरावीक प्रथिनं ते हातोहात पलीकडे पोचवतात. त्यातलं एक प्रथिन काढून टाकलं तरी अक्काच्या जिवाणूंचा तळाशी बसलेला साका गुलाबीच आला, म्हणजे सायटोक्रोम बनलं होतं. हीम न्यायची दुसरी वाट सापडली, असा लेख तिने छापला. बनशंकरी भागातल्या आमच्या घरी अम्माने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या.

पुढं कधीतरी अक्काने तोच प्रयोग स्वतःच्या हाताने केला, आणि साका पांढरा आला. पुन्हा केला, पांढराच. पहिल्या वेळी कविताने वाढवलेल्या जिवाणूंत ते प्रथिन शाबूत असलेले, मूळचे धडधाकट जिवाणू मिसळले होते. लाली त्यांची होती. अक्काने लेख मागे घेतला. कविताकडे बोट जाऊ दिलं नाही. मग अनुदान थांबलं, प्रयोगशाळा दुसऱ्याला गेली, सहकारी जिन्यात भेटले तरी घाईत असायचे. गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं असतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली,

"अरे, कुणीतरी पोर आपली उमेदीची वर्षं ती वाट शोधण्यात घालवील. नसलेली वाट."

मग तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही उशिरा. शेवटी शेवटी कविता रोज यायची, पाय चेपत बसायची. चूक माझी होती हे मी सगळ्यांना सांगते, असं ती एकदा रडत म्हणाली. अक्काने डोळे न उघडता "नको" म्हटलं. ती क्षमा होती, की बोलायची ताकदच उरली नव्हती, हे कविताला कळलं नाही. मलाही नाही. स्मशानात अक्काच्या संशोधन संस्थेतून दोघंच आले.

घरातल्या प्रत्येक डब्या-बरणीवर पांढरी चिकटपट्टी लावून तारीख लिहायची अक्काची सवय. परवा अम्माने लिंबाचं नवं लोणचं घातलं. बरणी धुतली, पण पट्टीला पाणी लागू दिलं नाही. मी नवी पट्टी कापून आणली होती.

"सरी, असू दे, ठेव ती तिकडं," अम्मा म्हणाली, आणि अक्काच्या हातची, गेल्या वर्षीची तारीख असलेल्या बरणीत लोणचं भरू लागली.