अकरावा मणका

हेमा पोटदुखे एक्स-रेवर रेघा ओढते. मूळची वाशीमची, सोळा वर्षं पुण्यात, राहायला हडपसरला. मणक्याच्या बाकाचा कोन मोजायचा तर सर्वांत जास्त कललेला वरचा मणका आणि तसाच खालचा निवडायचा, दोन्हींवर रेघ धरायची. कोणता मणका धरायचा हे मोजणाऱ्याने ठरवायचं असतं.

तिच्या रुग्णालयात मुलांच्या वाकड्या मणक्यावर नवी शस्त्रक्रिया करतात. सळया न घालता बाकाच्या बाहेरच्या बाजूने स्क्रूंना एक लवचिक दोरी ओवतात. मूल वाढतं तसा मणका सरळ होत जातो, अशी अपेक्षा. ती कितपत खरी ठरते ते पाहण्यासाठी दोन वर्षांनंतरचे एक्स-रे मोजायचे होते. नावं झाकलेली. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. कोन चाळिशीच्या वर गेला तर दोरी काढून सळया, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. ओळखीचा एक्स-रे दिसला तर बाजूला ठेवायचा, हा नियम हेमानेच वहीत लिहिला होता.

सतराव्या एक्स-रेत डावीकडची शेवटची बरगडी नव्हती. जन्मापासून नाही. हेमाने तो बाजूला ठेवला नाही. खालचा म्हणून बारावा मणका धरला, रेघ ओढली. अडतीस. लिहून टाकलं. काही वाटलं नाही. पुढचा घेतला.

दुपारी दुसऱ्या मोजणाऱ्याने, सुदर्शनने, आपले आकडे शेजारी ठेवले.

"ताई, सतरा नंबरला माझे त्रेचाळीस."

"माझे अडतीस."

"ते दिसतंय. बारावा का धरलात? अकरावा जास्त कललाय. पहिल्या दिवशी तुम्हीच माझ्यावर खेकसला होतात, डोळे गहाण ठेवलेत का म्हणून."

"माझी अवनी आहे ती."

सुदर्शनने पडद्याकडे पाहिलं, मग आकड्यांकडे.

"मग तुम्ही मोजायलाच नको होतं."

"नको होतं."

"आता काय करायचं?"

"माझा आकडा खोड. ओळखीचा रुग्ण, असं लिही. तुझा राहू दे. दुसऱ्यांदा मोजायला कुणालातरी बोलव."

त्याने लिहिलं. ती बघत राहिली. मग तिने न विचारता अकराव्यावर रेघ ओढली, कुठेही न नोंदवता. त्रेचाळीस. दोन स्क्रूंमधलं अंतर वाढलं होतं. दोरी तुटलेली असावी. सकाळीही ते दिसतच होतं.

संध्याकाळी बसथांब्यावरून तिने घरी अवनीला फोन केला.

"शुक्रवारी शाळेत येणार नाही म्हणून सांग."

"का गं?"

"डॉक्टरांकडे जायचंय."

"परत?"

"हो."

मागे टीव्ही चालू होता.

"दोरी गेली का?"

"बहुतेक."

"बरं," ती म्हणाली. "आई, डब्यात भाजी कसली होती? कुणालाच ओळखता आली नाही."

"दोडका."

"अच्छा."

बस आली. हेमाला बसायला जागा मिळाली. ती उभीच राहिली.