झुकतं माप

राजाबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे निपाणीच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाई तिरसट, पण हात मोकळा. शेकडा आंबे मागा, सहा वर टाकणार. शेरभर तांदूळ उसना मागा, शिगोशीग भरून खाली सांडेल असा देणार. मोजूनमापून देणाऱ्याला ती माणसातच धरत नसे. शेजारची शालूबाई ताक वाटीनं मोजते म्हणून तिच्या घरचं पाणीसुद्धा हिनं सोडलं होतं.

सगळ्यात जास्त तिटकारा धाकट्या दिराचा, भावकूचा. नवरा गेल्यावर बारा आंब्यांची बाग राजाबाईनं एकटीनं राखली, पण जमीन भावकूच्या नावावर, आणि त्याला तिथं तंबाखू हवा होता. "खाऊन थुकायचं पीक, आन् त्येच्यापायी ह्यो आंबा तोडणार," असं ती चारचौघांत सांगत फिरायची. भावकूचंही अगदीच खोटं नव्हतं म्हणा. तीन वर्षं मोहोर लई यायचा, पण कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या की गळून जायच्या. शेवटी सेहेचाळीसच्या शिमग्याआधी त्यानं पंचांसमोर सांगून टाकलं, की यंदा फळ टिकलं तर बाग राहील, नाहीतर कुऱ्हाड.

तेवढ्यात बेळगावहून शेतकी खात्याचा शरच्चंद्र आला. चष्मा, पायात बूट, चिखल दिसला की वळसा घालून जाणार. राजाबाईनं त्याला पाहूनच नाक मुरडलं. त्यानं एक बाटली काढली आणि सांगितलं, की ह्यातल्या औषधानं देठ घट्ट राहतो, गळ थांबते. बाटली तीन फवारण्यांची आहे, दर झाडाला एक घागर पाणी आणि घागरीला एकच टोपण. हे त्यानं चारदा सांगितलं. जाताना फाटकातून परत आला आणि पुन्हा सांगितलं, "आक्का, एकच. जास्त झालं तर उलटं होईल."

एवढ्या मोठ्या झाडाला बोटभर टोपण! राजाबाईला हसावं की थुकावं कळेना. सरकारचं औषध, ह्याच्या बापाचं काय जात होतं? कवडीचुंबक मेला, लग्नात वऱ्हाडालाही भाताची शितं मोजून वाढील, असं म्हणत तिनं पिचकारी उचलली. तिच्या दारातून भिकारी कधी अर्ध्या पोटी गेला नव्हता, मग झाड कसं जाईल? दर घागरीत एक टोपण शरच्चंद्राच्या नावाचं, दोन तिच्या हातची, आणि तीही काठोकाठ. अकरा झाडं झाली तेव्हा बाटली तळाला गेली. विहिरीकडच्या बाराव्या झाडाला जेमतेम एक टोपण आलं. त्या झाडाजवळ ती ओशाळून उभी राहिली, आपल्या हातनं दुजाभाव झाला म्हणून खोडावरनं हात फिरवला.

दहाव्या दिवशी अकरा झाडांखाली कैऱ्यांचा सडा पडला. पानं मुरगळली. विहिरीकडचं झाड मात्र लगडलेलं, एक कैरी हलली नव्हती.

भावकूनं पंच बोलावले, शरच्चंद्रालाही आणवलं. सगळा गाव त्याच्यावर तुटून पडला. तो पांढराफटक पडून माप तेवढंच होतं म्हणत राहिला, ऐकतो कोण? भावकूनं विहिरीकडं बोट दाखवलं. त्या झाडाला औषध पोचलं नाही म्हणूनच ते वाचलं, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

राजाबाई गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बेळगावचा बूटवाला बदनाम होऊन परत गेला असता, आणि असल्या मापाड्यांची तिला कीव कधी आली होती? पण खोटं तिला मापाइतकंच नकोसं.

"पोचलं," ती म्हणाली. "त्या एकाच झाडाला ह्येच्या मापानं पोचलं. बाकीच्यांस्नी मी झुकतं घातलं."

शरच्चंद्रानं चष्मा काढून पुसला. राजाबाईनं पदर सावरला आणि जन्मात पहिल्यांदा दिरापुढं हात जोडून एक वरीस मागितलं.

भावकू साध्या आवाजात म्हणाला, "वैनी, फुडच्या साली तरी तुझा हात आखडंल व्हय?"

राजाबाईनं जोडलेल्या हातांकडं पाहिलं. व्हय म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द काही तिला खोटा बोलवेना.