रोजचा एक पासवर्ड

आमच्या गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला रोज सकाळी उदबत्ती लावली की एका जुन्या फोनवर काहीतरी टाइप करतो, पडद्याकडे बघतो आणि वहीतला एक शब्द खोडतो. हा लोकांची खाती फोडतो की काय, अशी मला धास्ती. पण माझा फोन मरायला टेकला आणि आईचा आवाज तेवढा त्यातच उरलेला, म्हणून त्याच्याचकडे जावं लागलं.

"आईचं हे रेकॉर्डिंग फुकटात कुठं साठवता येईल?" मी विचारलं.

"फुकट लई जागा हायत की दादा. पर सगळी म्हसरं एकाच गोठ्यात बांधू नगासा."

त्यानं दोन ठिकाणी खाती काढून दिली. मी पासवर्ड टाकताना मात्र तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला माझ्या संशयाची लाज वाटली.

"ह्यो पासवर्ड घरात कुणाला सांगनार न्हवं?"

"छे! कुणालाच नाही," मी ऐटीत म्हणालो.

त्यानं तो जुना फोन पुढं केला. "माझा धाकटा भाऊबी असंच म्हनायचा. घरातलं समदं फोटू त्याच्या खात्यात. त्यो गेला. आता रोज एक शब्द टाकून बघतो. जादा टाकलं तर खातं बंद पडतंय."

त्यानं वही दाखवली. त्या सकाळचा शब्द म्हणजे त्यांच्या म्हशीचं नाव होतं, असं तो म्हणाला. तेही खोडलेलं.

मी तडक घरी आलो, बायकोला वही-पेन घेऊन समोर बसवलं.

"हं, सांगा," ती म्हणाली.

आणि मला तो पासवर्डच आठवेना.