डोळे मीट

अक्का, देवगाव फाट्यावर तू मला कापसाच्या ट्रकवर चढवलंस, तेव्हा नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद होती. भाकरी हातात कोंबून म्हणालीस, "जा. बाचा हात पोचणार न्हाई इतकं लांब जा." बाला दिसू नये म्हणून मी शहाण्यासारखा डोक्यासकट कापसात बुडलो. परभणीला उतरलो तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. हमाल म्हणाला, "सावकाश उतरा, आजोबा." मला तेव्हा धड मिशी नव्हती.

मिशनच्या दवाखान्यात पाणी भरायचं काम मिळालं. तिथल्या सिस्टर, मार्थामावशी, रविवारी मला चर्चला घेऊन गेल्या. तेल थापून मी ऐटीत पहिल्या बेंचवर. पाळकसाहेब उभे राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "डोळे मिटा."

अक्का, तुला सांगायला नको. आपला बा कासरा हातात घेतला की आधी हेच म्हणायचा, "डोळे मीट." मी थेट बेंचखाली! बेंच कलंडलं, दोन म्हाताऱ्या माझ्या अंगावर आल्या. लाजेपोटी मी ठोकून दिलं, "साप दिसला!" मग काय, सगळं चर्च काठ्या घेऊन साप शोधायला लागलं.

मावशी तेवढ्या माझ्याजवळ पायरीवर बसल्या. "साप तुझ्या पाठीवर हाय, लेकरा. पाणी भरताना वळ बघितले मी. पुढच्या रविवारी तू मीट, मी उघडे ठेवते. कुणी हात उगारला तर आधी मला दिसंल."

आणि खरंच, पुढे कितीतरी रविवार ही बाई प्रार्थनेत टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याशेजारी बसली. एका काकांनी तक्रार केली. मावशी म्हणाल्या, "तुमाला कसं दिसलं ओ?"

मी आधी एकच डोळा मिटायचो. एका रविवारी दोन्ही मिटले. आत बा नव्हता. नुसता अंधार, आणि मावशींच्या पदराचा फिनेलचा वास. येशूच्या पाठीवरही फटके बसले होते, हे तोवर कानावर आलं होतं. त्याला माझी पाठ समजावून सांगावी लागली नाही. त्या दिवशी मी असा हंबरलो की पाळकसाहेबांना वाटलं, पुन्हा साप.

तू विचारतेस, बाला माफ केलंस का? करतो गं, थोडं थोडं. एखाद्या दिवशी परत घेतो, मग येशूपुढे बसून पुन्हा देतो.

मावशी आता नाहीत. त्यांच्या जागी माझी बायको बसते. आणि घर कुठलं म्हणशील, तर तेच बेंच. कारण आता पंचाईत उलटी झालीय. "डोळे मिटा" म्हटलं की मी मिटतो, आणि घोरायला लागतो. बायको कोपर मारते.

मी दचकत नाही, अक्का. "आमेन" म्हणतो आणि पुन्हा मिटतो.