वायसर ड्रॉइंगप्रमाणेच बसवला होता

प्रथम दिवस आणि माणसे नोंदवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याखाली जाणाऱ्या यानाचे ड्रॉइंग आले. ते काढणारे, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक. त्याच आठवड्यात शुक्रवारी त्यावर 'तपासले' अशी सही झाली. सही करणारा मी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. यानात माणूस बसवण्याचा हुकूम देणारे, आमच्या कारखान्याचे मालक. दिवाळीनंतर अहवाल आला. त्यात या तिघांपैकी एकाचेही नाव नाही. नाव आहे ते फिटर शेख गफूर यांचे.

मी खामगावच्या त्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख होतो. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या, पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेस आम्ही दुरुस्त करत असू. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही समुद्राखाली उतरून बंदरातल्या धक्क्यांचे पाये तपासणारे यान बांधण्यासाठी महाविद्यालयाने आम्हाला निवडले, कारण जोराचे पाणी अडवणे हा आमचा रोजचा धंदा. करार माझ्यासमोर झाला. आराखड्याची जबाबदारी महाविद्यालयाची, कारागिरीची कारखान्याची. पहिली चाचणी रिकाम्या यानाची. हे कलम मी स्वतः टाइप करून घेतले होते.

हलता दांडा जिथे भिंतीतून आरपार जातो, तिथे पाणी अडते ते चामड्याच्या वायसरने. हे तेलात मुरवलेले कडे असते. त्याच्या एका अंगाला खाच, म्हणजे तोंड. पाणी त्या तोंडात शिरते, ओठ फाकवते आणि ओठ दांड्याला घट्ट चिकटतात. जोर वाढला की पकड वाढते. अट एकच: तोंड जोराच्या दिशेला हवे. प्रेसमध्ये जोर आतून असतो, म्हणून तोंड आत. समुद्रात जोर बाहेरून.

प्राध्यापकांनी नमुन्यासाठी आमच्या प्रेसचे ड्रॉइंग मागवून घेतले होते. यानाचा पंजा हलवणारा दांडा जिथे भिंतीतून बाहेर जातो, तिथे त्यांनी तेच जसेच्या तसे ट्रेस केले. आमचेच चित्र आमच्याकडे परत आले. सव्वीस वर्षे ज्याच्यावर सही केली, त्याच्यावर मी पुन्हा सही केली.

थांबले ते एकटे गफूरभाई. वायसर हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. मालक आणि प्राध्यापक तिथेच चहा घेत होते.

"साहेब, समुद्रात पानी कोन्या अंगानं जोर मारते? आतून का भाईरून?"

प्राध्यापक हसले. "यान पाण्यात असतं मिस्त्री, पाणी यानात नसतं."

"मंग तं हे तोंड उलटं झालं नं?"

मालक म्हणाले, "तू प्रोफेसर कधी झाला बे? कॉलेजवाल्यांले अक्कल शिकवतं का?"

"शिकवून नाई राह्यलो शेठजी. इचारून राह्यलो."

प्राध्यापकांनी ड्रॉइंगकडे पाहिलेही नाही. गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी तीन शब्द बोललो. "ड्रॉइंगप्रमाणे बसवा, गफूरभाई." त्यांनी बसवला.

चाचणी कारखान्यामागच्या विहिरीत होती. पाणी चाळीस फूट. मुंबईहून बंदराचे दोन अधिकारी आले होते, आणि रिकामे पिंप बुडताना पाहुण्यांना काय दाखवणार, असा मालकांचा सवाल होता. मी कलम दाखवले. ते म्हणाले, "कलम ऑफिसात ठेवा. गफूरभाई, बसा आत. तुमचाच वायसर हाय."

पत्र्यावर हातोडीचे तीन ठोके म्हणजे वर घ्या, असे ठरले होते. यान तळाशी टेकले आणि मिनिटभरात ठोके आले. तीन. मग पुन्हा तीन.

प्राध्यापक घड्याळ पाहत म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, रीडिंग पूर्ण होऊ द्या."

मला आजही सांगता येत नाही की एक शिकलेला माणूस हे कसे बोलू शकतो. मी साखळीला हात घातला. कामगार धावले. चेन-पुली जड वजन उचलते, पण बोटबोट उचलते; ओढणारे चौघे, आणि खालून ठोके. अर्ध्या वाटेत ठोके थांबले.

झाकण उघडले तेव्हा पाणी गफूरभाईंच्या हनुवटीला लागले होते. हातोडी हातातून सुटली होती. त्यांना बाहेर काढून ओट्यावर बसवले. बराच वेळ खोकल्यावर ते एवढेच म्हणाले, "साहेब, म्या इचारलं होतं."

अहवालाचे वाक्य असे: 'फिटरने वायसर उलटा बसवल्यामुळे गळती झाली.' दुसऱ्याच दिवशी त्यांना कामावरून काढले. ज्याला वायसरचे तोंड कळत नाही, त्या फिटरला प्रेसच्या धंद्यात कोणी दारात उभे करत नाही. खामगावात ज्यांच्या हाताखाली निम्मे फिटर तयार झाले, ते गृहस्थ आज धाड गावच्या आठवडी बाजारात स्टोव्ह दुरुस्त करत बसतात.

मी प्राध्यापकांना आणि मालकांना मिळून अकरा पत्रे पाठवली. पोच आली, उत्तर आले नाही. मूळ ड्रॉइंग माझ्यापाशी आहे. त्यावर वायसरचे तोंड आत आहे, खाली प्राध्यापकांची सही आहे, तिच्याखाली माझी. सहीचा उपयोग जबाबदारी घेण्यासाठी असतो, हे मला निवृत्त होताना कळले. मी तपासले नव्हते. ओळखीचे चित्र पाहून सही केली होती. हे मी माझ्या नावानिशी लिहून देतो.

आता प्राध्यापक महाशयांनी आणि मालकांनी वर्तमानपत्राच्या याच पानावर, आपापल्या सहीनिशी, जाहीर उत्तर द्यावे: समुद्रात पाणी कोणत्या अंगाने जोर मारते? गफूरभाईंनी हे वेळेवर विचारले होते.