कुलूपबंद कागदाचा शोध

बंगळूरच्या बसवनगुडीत आम्ही पाच मैत्रिणी, पाचहीजणींची मुलं परदेशात. म्हणून दुखण्याखुपण्याचे कागद आम्ही इंटरनेटवरच्या एका सामायिक कप्प्यात ठेवतो. एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने शिकवलं होतं, "मावशी, इथे सगळं कुलूपबंद असतं. कप्पा चालवणाऱ्या कंपनीलासुद्धा आतलं दिसत नाही. ठेवताना जो शब्द द्याल, शोधताना अगदी तोच द्यायचा. मग गटातल्या कुणालाही कागद सापडेल, बाहेरच्याला नाही."

बरं बाबा, म्हटलं.

त्या दिवशी मी होसकोटेला बहिणीकडे गेलेले. परतताना टॅक्सीत होते नि वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा फोन आला.

"अक्का, अण्णांना ताप चढून भोवळ आली. हॉस्पिटलात आणलंय. शुद्ध नाही. डॉक्टर विचारतायत, कुठलं औषध चालत नाही?"

अण्णा म्हणजे आमचे हे. मागे एका इंजेक्शनने ह्यांचा श्वास कोंडला होता, मरता मरता वाचले. पण त्या औषधाचं नाव? आठवेना हो! माझा फोन साधा, बटणांचा. कागद चढवला होता घरच्या टॅबवरून.

"कप्प्यात आहे, शोध!"

"शोधलं की! अण्णांचं नाव घातलं, आडनाव घातलं, ॲलर्जी घातलं. काहीच येत नाही."

मागून डॉक्टरांचा आवाज आला, फार थांबता येणार नाही म्हणून. इकडे टॅक्सी जागची हलेना.

"अक्का, कुठल्या शब्दाने ठेवलंत?"

मी डोळे मिटले. टॅब मांडीवर, हे शेजारी पेपर वाचतायत... उभ्या जन्मात ह्यांचं नाव तोंडाने घेतलं नाही, ते बोटाने कसं लिहिणार?

"अगं, 'अहो' घाल! 'अहो'!"

तिने शब्द घातला. मग ती ओरडलीच, "अय्यो, पाच निघाले! सगळ्यांनीच नवऱ्यांना 'अहो'त घातलंय. मीसुद्धा!"

"एकेक उघड!"

"हा कुणाचा तरी मूळव्याध... हा आमच्यांचाच... स्वल्प थांबा, कुलूप उघडतंय..."

पुढच्या सीटची पाठ मी घट्ट धरून ठेवली होती.

"सापडला!" तिने औषधाचं नाव मोठ्याने वाचलं. पलीकडे डॉक्टर काहीतरी तोडून बोलले, पावलांची धावपळ झाली.

"टोचलं नाही ना गं?" मी विचारलं.

"नाही अक्का," ती म्हणाली. "सिस्टरच्या हातात तेच इंजेक्शन होतं. भरलेलं."