पहिल्या वळणासाठी ब्रेक

रविवारचं जेवण जड झालंय. मी दिवाणावर आडवा आहे आणि पोटावर ब्रेकच्या सामानाचं पत्रक उघडं पडलंय. डोळे मिटले की भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्क दिसतात, उघडले की छताचा पंखा. थोड्या वेळानं दोन्हींतलं फिरतंय काय आणि थांबलंय काय, ते कळेनासं होतं.

डिस्क आणि पॅड शाल्मलीच्या गाडीसाठी हवेत. शाल्मली माझी पुतणी, एकोणीस वर्षांची. तीन आठवड्यांनी ती घाटातल्या चढणीच्या शर्यतीत आईची गाडी चालवणार आहे. तिची आई, माझी हेमांगी वहिनी, त्याच घाटात, त्याच शर्यतीत, पहिल्याच वळणावर गेली. तीन वर्षं झाली. दादानं गाडीची डावी बाजू नवी करून घेतली आणि ती ताडपत्रीखाली ठेवली. त्या दिवशी गाडीला जे पॅड होते, ते मी निवडले होते. मी शिरोलीच्या फौंड्रीत डिस्कच ओततो, म्हणून आमच्या घरात ब्रेकचं काम माझ्याकडे असतं.

ते खास शर्यतीचे पॅड होते. तापले की डोंगरालासुद्धा धरून ठेवतील असे. पण थंड असताना नुसते घसरायचे. म्हणून सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी ब्रेक दाबत दाबत गाडी थोडी फिरवायची आणि त्यांना ऊब द्यायची. हे मी वहिनींना सांगितलं होतं का, तेच मला आठवत नाही. सांगताना कधी मी मला दिसतो, कधी दिसत नाही. कोणी मला कधी विचारलंही नाही.

"भावजी, चष्मा काढून झोपा. काडी मोडेल."

वहिनी स्वयंपाकघरात उभ्या आहेत. अंगात शर्यतीचा निळा सूट आणि त्यावर कमरेला खोचलेला पदर. तो पदर कुठून आला, हे मला विचारावंसं वाटत नाही. ओट्याच्या जागी आमच्या कारखान्यातलं लेथ आहे, त्याच्या शेजारी गॅस पेटलाय आणि गॅसवर तव्याऐवजी डिस्क ठेवलीय.

"वहिनी, ती डिस्क आहे."

"होय की. साधी डिस्क. भोकाभोकांची आणली तर पीठ गळतंय खाली."

"भोकांची दिसायला चांगली असते."

"असते. आणि भोकापासनं तडकते. तुम्हीच सांगितलं होतं मला."

मी गॅसजवळ सरकतो. "अजून काय काय सांगितलं होतं मी?"

त्या बोटं ओली करून डिस्कवर पाणी शिंपडतात. चर्रर्र होईल म्हणून मी वाट बघतो, पण थेंब मण्यांसारखे तसेच बसून राहतात. खाली जाळ मोठा आहे. मी हात लावतो, तर डिस्क विहिरीच्या पाण्यासारखी गार.

"अजून तापला नाही," वहिनी म्हणतात. त्यांच्या तळहातावर थापलेली भाकरी आहे. "टाकू का?"

"नको. थंड तव्यावर चिकटेल."

"मग काय करू? हातात किती वेळ धरू?"

"जरा थांबा."

"थांबू कशी, भावजी? नाव पुकारलंय की."

खरंच कर्ण्यावर त्यांचं नाव पुकारतायत. आवाज फडताळातून येतोय. फरशी पुढच्या बाजूनं उचलली जाते, लेथ मागं राहतं, दोन्ही बाजूंना पांढरे खांब येतात आणि मी गाडीत वहिनींच्या शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसलेला असतो. सकाळ आहे. काचेच्या कडेला दव आहे. समोर सरळ चढण आणि तिच्या टोकाला ते वळण. त्यांच्या डोक्यात हेल्मेट आहे. गाडी पळतेय, पण खांब फार सावकाश मागं जातायत, त्यामुळे बोलायला वेळ आहे असं वाटतं.

"वहिनी, एक विचारू?"

"काय?"

"पॅड गरम करायला सांगितलं होतं का मी तुम्हाला?"

"काय?"

मी ओरडतो. त्या एका हातानं हेल्मेटची काच वर करतात. चेहरा तोच, कपाळावर बारीक घाम.

"तुम्ही खिडकीजवळ आला होता," त्या म्हणतात. "तुमचं तोंड हलत होतं. मला वाटलं, पाणी पिऊन घेतलं का विचारताय. मी मान हलवली."

ती हललेली मान मला आठवते. खिडकीची खाली गेलेली काच, निळा हातमोजा, सगळं आठवतं. की त्या आत्ता सांगतायत म्हणून आठवतंय?

"म्हणजे मी सांगितलं होतं!"

"ते मला काय ठाऊक? ऐकू कुठं आलं."

"म्हणजे चूक माझी का तुमची?"

वहिनी हसतात. पूर्वी पोळी करपली की हसायच्या, तशा. "तुम्ही काय फौंड्रीतला माल तपासायलाय का? कुठल्या पाळीचा, कुणाच्या हातचा?"

"मला कळलं पाहिजे, वहिनी."

"मलाही कळलं नाही, भावजी. मी पाय ठेवला आणि पुढचं मला ठाऊक नाही. मीही विचारत असते."

"कुणाला?"

त्या रस्त्याकडे बघतात. वळणावर शाळेचं फाटक आहे. सुटण्याची वेळ झालीय, आया उभ्या आहेत, आणि रस्त्याच्या मधोमध सात वर्षांची शाल्मली पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आईची वाट बघतेय. मी वहिनींकडे वळतो तर स्टेअरिंगवरही शाल्मलीच आहे, आत्ताची, मोठी, हेल्मेट घातलेली. वहिनी मागच्या सीटवर सरकून बसल्यायत आणि दोन्ही सीटच्या मधून पुढं वाकून माझ्या कानाशी बोलतायत.

"हिला सांगा. खिडकीतनं नको. हेल्मेट घालायच्या आधी, समोर बसवून सांगा."

"काय सांगू? मला नक्की काहीच ठाऊक नाही."

"तेच सांगा."

फाटक जवळ येतं. माझ्या बाजूला पेडल नाही. तरी मी उजवा पाय जीव खाऊन दाबतो.

धप्प.

दुपारचं ऊन खिडकीतून अर्ध्या दिवाणावर आलंय. पायाच्या अंगठ्यातून कळ डोक्यापर्यंत जाते. चष्मा छातीवर आहे, तो मी काढला की आपोआप घसरला, कोण जाणे.

"काका! काय पडलं?" शाल्मली दारात उभी आहे. खरी, ओल्या केसांची, खांद्यावर टॉवेल.

"काही नाही. तू बस जरा इथं."

"पाय बघू."

"आधी बस."

ती बसते. मी तिला सगळं सांगतो. स्वप्न सांगत नाही. पॅड मी निवडले होते, ते थंड असताना पकडत नव्हते, गरम करायचं मी तिच्या आईला सांगितलं की नाही हे मला आठवत नाही, सांगितलं असलं तरी तिला ऐकू गेलं की नाही तेही ठाऊक नाही. ती टॉवेलचं टोक पिळत राहते. पाणी केव्हाच संपलंय, तरी पिळते.

"मला वाटायचं, आई जास्तच जोरात गेली," ती शेवटी म्हणते. "मी बाबांवर चिडायचे, तिला अडवलं नाही म्हणून."

"जोरातही गेली असेल."

"म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही."

"नाही."

ती मग पत्रक उचलते आणि पान उलटते. "आता कुठले घेतोयस?"

"साध्या डिस्क. आणि थंड असतानाही धरणारे पॅड. फार तापले तर ते ढिले पडतात, पण तुझी शर्यत दोन मिनिटांची. तेवढ्यात तितके तापत नाहीत."

"वरच्या वळणांवर वेळ जाईल माझा."

"अर्धा सेकंद जाईल."

"जाऊ दे." ती पत्रक मिटते. "काका, बसवताना मला बोलव. मी स्वतः बघणार."

"बोलावतो."

ती उठून बर्फ आणायला जाते. मी पाय जवळ ओढून घेतो. अंगठ्याचं नख मुळापासून काळंनिळं झालंय, कडेनं रक्त आलंय. माझ्या पायांकडची भिंत दादानं गेल्या दिवाळीत रंगवली होती. तिथं तळहाताएवढा पोपडा उडालाय, आतली वीट दिसतेय, आणि चादरीवर पांढरा चुरा पडलाय.